समुपदेशकांपुढे बोललेलं कुठवर जातं?

कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला की नवरा-बायकोला समुपदेशकांकडे पाठवतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. समेट होतो का ते बघायचं, नाहीच झाला तर परस्परसंमतीवर येता येतं का ते बघायचं. तिथलं बोलणं गोपनीय असतं आणि पुरावा म्हणून वापरलं जात नाही. इथपर्यंत ठीक.

घोळ सुरू होतो तो मुलाच्या ताब्याचा वाद निघाल्यावर. न्यायाधीश समुपदेशकांना सांगतात, मुलाशी आणि दोघांशी बोला, गरज पडली तर घरं बघा आणि अहवाल द्या. पुष्कळदा माणूस तोच, खोली तीच, टेबलही तेच. म्हणून लोक धरून चालतात की बोलणंही आधीसारखंच तिथल्या तिथे राहणार. तसं नसतं! अहवाल न्यायाधीशांनी वाचावा म्हणूनच लिहिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्टच केलं: मध्यस्थीतली गोपनीयता ताब्याच्या प्रकरणातल्या समुपदेशकांच्या अहवालाला लागू होत नाही, कारण मुलाच्या हितासाठी सगळी माहिती न्यायालयापुढे यायला हवी. समेटाच्या बैठकीत रागाच्या भरात ‘घेऊन जा पोराला, मला नको’ म्हणालात तर ते तिथेच विरतं. अहवालाच्या बैठकीत म्हणालात तर कागदावर येऊ शकतं. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या सरळ विचारा, ‘मॅडम, आजची बैठक समेटाची की अहवालाची?’ विचारायला कसली लाज?

अहवालात जोडीदाराच्या चुकांची जंत्री नको असते, आणि तीच घेऊन लोक येतात. पाहायचं असतं ते मुलाचं रोजचं जगणं: शाळेची तयारी कोण करून घेतं, ताप आला की रात्री कोण जागतं, दुसऱ्या पालकाचं नाव निघालं की मूल आक्रसतं की खुलतं.

पढवून आणलेलं पोर ओळखायला तर मानसशास्त्राची पदवीही लागत नाही. सात वर्षांचा मुलगा ‘बाबांनी आईचा मानसिक छळ केला’ असं म्हणाला, की ते वाक्य कुठल्या अर्जातून आलंय ते कळतंच. गृहभेटीच्या दिवशी प्लास्टिकसुद्धा न काढलेलं नवंकोरं स्टडी टेबल मांडून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे ताबा दिल्यानंतरही समुपदेशक न कळवता घरी येऊ शकतात, तेव्हा देखावा किती दिवस पुरणार?

ताबा आणि पालकत्व यांतला फरक सोपा आहे: मूल राहतं कुणाकडे हा ताबा, त्याच्या वतीने कायदेशीर निर्णय कुणी घ्यायचे हे पालकत्व. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो, पण ती हमी नव्हे. शेवटी मुलाचं कल्याणच बघतात.

आणि ‘मॅडमनी निकाल विरोधात दिला’ हे तर बोलूच नका. मॅडम निकाल देत नाहीत. न्यायाधीश अहवाल वाचतात, मूल जाणतं असेल तर आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी स्वतः बोलतात आणि अहवालापेक्षा वेगळाही आदेश देऊ शकतात. अहवाल पटला नसेल तर वकिलामार्फत लेखी हरकत घ्या. समुपदेशकांच्या दारात जाऊन भांडू नका.