परिचर्या माहितीशास्त्रातील सक्षमता

परिचारिकेने रुग्णाविषयी जमवलेली माहिती नोंदवणे, पडताळणे, तिचा अर्थ लावणे आणि उपचाराच्या निर्णयासाठी ती वेळेवर पुढे पोचवणे, याचे शास्त्र म्हणजे परिचर्या माहितीशास्त्र. रुग्णालयांत ते नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स याच नावाने ओळखतात. त्यासाठी लागणारे ज्ञान, सराव आणि तारतम्य म्हणजे सक्षमता. संगणक चालवता येणे हा तिचा अगदी लहान भाग आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील मृत्यूंची कारणे १८५८ मध्ये वर्तुळाकृती आलेखातून मांडली, तिथे या शास्त्राचे मूळ सापडते. ग्रेव्ह्ज आणि कॉरकोरन यांनी १९८९ मध्ये आकडा, माहिती आणि ज्ञान अशी साखळी सांगितली. नाडी ११८ हा आकडा. सकाळी ती ८४ होती आणि दुपारी शस्त्रक्रिया झाली, ही माहिती. आत रक्तस्राव होत असेल, डॉक्टरांना आत्ताच बोलवायला हवे, हे ज्ञान. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९९२ मध्ये या शाखेला स्वतंत्र विशेषशाखा मानले. पुढे स्टॅगर्स आणि सहकाऱ्यांनी सक्षमतेच्या चार पायऱ्या ठरवल्या : नवशिकी परिचारिका, अनुभवी परिचारिका, माहितीशास्त्रातील तज्ज्ञ आणि नवी पद्धत घडवणारी.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात हा विषय समाविष्ट आहे. त्याच वर्षी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि पुढे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक केसपेपरवर दिसू लागला. पण त्याआधी पदवी घेतलेल्या सिस्टरांना हे सारे वॉर्डातच शिकावे लागते. विक्रेत्या कंपनीच्या माणसाने कुठले बटण कुठे आहे ते दाखवले, एवढ्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत या सक्षमतेचा कस लागतो. वॉर्ड भरला की दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून रुग्ण घेतला जातो. संगणकाला खाटेचा क्रमांक हवा असतो आणि या रुग्णाला खाटच नसते. संध्याकाळी खाट रिकामी झाली की तो हलतो, तेव्हा जुन्या जागेवरून ओळखले तर औषध दुसऱ्याला जाण्याचा धोका असतो. म्हणून खाटेवर विसंबायचे नाही. नाव आणि इनडोअर क्रमांक (दाखल करताना मिळालेला नोंदणी क्रमांक) मनगटपट्टीशी ताडूनच इंजेक्शन द्यायचे. नावांचाही घोळ असतोच. रोमन लिपीत एकच ‘वैष्णवी’ तीन प्रकारे लिहिली जाते आणि एका बाईच्या तीन नोंदी तयार होतात.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. रुग्ण म्हणतो, “सिस्टर, जीव घाबराघुबरा होतोय.” पडद्यावरच्या यादीत छातीत दुखणे असते, धाप असते, चक्कर असते; जीव घाबरा होणे नसते. घाईत जवळचा पर्याय निवडला की तक्रारीचा अर्थच बदलतो. सक्षम परिचारिका आधी रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन पाहते आणि शेऱ्याच्या चौकटीत रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिते. या शाखेतले सर्वांत मोलाचे कौशल्य हेच, असे म्हणायला हरकत नाही.

काही सवयी मोडाव्या लागतात. ड्यूटी संपताना सगळे टीपीआर (ताप, नाडी, श्वसन यांच्या नोंदी) एकदम भरणे, मागच्या पाळीची नोंद जशीच्या तशी पुढे ओढणे, एकाच पासवर्डवर अख्ख्या वॉर्डाने काम करणे, या त्या सवयी. मात्र हाताखाली रुग्ण जास्त आणि संगणक एकच असेल, तर दोष फक्त सिस्टरवर ढकलणे अन्यायाचे आहे. प्रणालीचा आराखडा ठरतानाच वॉर्डात काम केलेली परिचारिका तिथे हवी. चौथ्या पायरीचा अर्थ तोच.

यंत्रणा बंद पडल्यावर काम चालू ठेवणे हाही सक्षमतेचाच भाग. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबईचा बराच भाग तासन्‌तास विजेविना होता. अशा वेळेसाठी कागदी तक्ते हाताशी ठेवावे लागतात, इन्फ्यूजन पंपाची (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राची) बॅटरी किती चालेल हे ठाऊक असावे लागते आणि पंप बंद पडला तर सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजता यावे लागतात. वीज आली की कागदावरच्या नोंदी संगणकात चढवायच्या, त्या औषध प्रत्यक्ष दिल्याच्या वेळेने.