रेडियल की फोकस्ड? टाचेच्या शॉकवेव्हमधला घोळ

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ, स्ट्रेचिंग करून झालं, मऊ सोल घालून झाले, सहा महिने उलटले तरी तेच, मग कोणीतरी सांगतं की शॉकवेव्ह घेऊन बघ. शॉक म्हटल्यावर आधी करंटच डोळ्यासमोर येतो, पण करंट-बिरंट काही नसतो, दाबाची लाट असते. खरा घोळ पुढे आहे, याच नावाने दोन वेगळी मशीनं चालतात.

फोकस्ड म्हणजे मुतखडा फोडायच्या मशीनची धाकटी बहीण. १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा पेशंटचा खडा असा बाहेरून फोडला, तिथूनच ही पुढे हाडा-स्नायूंकडे आली. यात लाट आत ठरलेल्या खोलीवर जाऊन एकवटते, म्हणजे भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणतो ना, तसं.

रेडियलचं काम एकदम साधं, नळीत एक छोटा धातूचा तुकडा असतो, हवेच्या दाबाने तो पुढच्या टोकावर सटासट आपटतो आणि तो दणका कातडीतून आत पसरत जातो. जोर सगळ्यात जास्त कातडीपाशी, आत जाईल तसा कमी. फिजिक्सवाले तर म्हणतात ही शॉकवेव्हच नाही, नुसती प्रेशर वेव्ह. तरी म्हणून रेडियल म्हणजे डुप्लिकेट असं समजू नका हं, हे दुखणं ज्यात असतं तो तळपायाचा जाड पट्टा (प्लांटर फॅशिया) काही फार खोल नसतो, त्यामुळे टाचेला तिचाही फायदा झालेला अभ्यासांत दिसलाय. माझं विचाराल तर मशीनपेक्षा नेमकं दुखतं तिथेच टोक धरणारा हात महत्त्वाचा.

बाकी दोन्हीकडे सारखंच. साधारण आठवड्याच्या अंतराने तीन सिटिंग, दुखतं बऱ्यापैकी, पण बधिर करायचा हट्ट नको कारण त्याने परिणाम कमी होतो असं दिसलंय. फरक कळायला १२ आठवडेही लागू शकतात, तिसऱ्या दिवशी चिडू नका, आणि पोटरीचं स्ट्रेचिंग चालूच ठेवा. प्रेग्नन्सी असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

आणि "टाचेचं हाड वाढलंय" म्हणून जे येतात त्यांना वाटतं मुतखड्यासारखं तेही फुटणार, तसं होत नाही, दुखणं गेलं तरी एक्स-रेत ते हाड जसंच्या तसं दिसतं.