आलेख सिद्धांतावरील कोशनोंदी अवघड कशा झाल्या : पार्श्वभूमी

आलेख सिद्धांत (ग्राफ थिअरी) म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचे गणित. त्यावरील कोशनोंद बहुधा शिरोबिंदूंचा एक संच आणि कडांचा दुसरा संच अशा व्याख्येने सुरू होते, आणि आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यात मोबाइलवर ती उघडणारा दहावी-बारावी शिकलेला वाचक पहिल्याच ओळीत अडतो. विषयाचा इतिहास पाहिला, तर ही मांडणी बरीच उशिराची असल्याचे दिसते.

प्रेगेल नदीकाठच्या कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलर यांनी १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडले. वाटेतल्या प्रत्येक भूभागात एका पुलाने यावे आणि दुसऱ्याने जावे लागते, म्हणून विषम संख्येने पूल असलेले भूभाग दोनांहून अधिक असल्यास असा मार्ग निघत नाही. तिथे तर चारही भूभाग विषम होते, एकाला पाच पूल आणि इतरांना तीन-तीन. हे सारे त्यांनी सलग गद्यात, शहराच्या नकाशाच्या आधाराने समजावले. आज प्रत्येक नोंदीत दिसणारी ठिपके-रेषांची आकृती त्यांच्या लेखात नाही. ती १८९२ मध्ये राउझ बॉल यांच्या पुस्तकात आली.

दुसरा मोठा प्रश्नही असाच साधा होता. इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा, लागून असलेल्या परगण्यांना वेगवेगळे रंग देत, रंगवताना चार रंग पुरतात, हे फ्रान्सिस गथ्री यांच्या १८५२ मध्ये लक्षात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नकाशावर हे करून पाहता येते : वर्धा जिल्ह्याभोवती नागपूर, अमरावती, यवतमाळ आणि चंद्रपूर आहेत, नागपूर व यवतमाळ एकमेकांना लागून नाहीत, अमरावती व चंद्रपूरही नाहीत, म्हणून या पाच जिल्ह्यांना तीनच रंग पुरतात. प्रत्येक जिल्ह्याचा एक ठिपका काढावा, सीमा लागून असलेल्या जिल्ह्यांचे ठिपके रेषेने जोडावेत, की आलेख तयार होतो आणि वर्ध्याच्या ठिपक्याला चार रेषा मिळतात. हे ठिपके म्हणजेच शिरोबिंदू आणि या रेषा म्हणजेच कडा. व्याख्या सांगायची ती इथे, कारण वाचकाच्या हाती आता ती लावून पाहण्याजोगे काही असते. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात, ही सिद्धता मात्र आपेल आणि हाकेन यांना १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने द्यावी लागली.

देनेश क्योनिग यांचे या विषयावरचे पहिले पाठ्यपुस्तक १९३६ मध्ये निघाले. विसाव्या शतकात गणिताचे लेखन संचांच्या भाषेत स्थिरावले आणि व्याख्या, प्रमेय, सिद्धता हा पाठ्यपुस्तकी क्रम कोशांतही उतरला. तज्ज्ञाला तो सोयीचा आहे. अमरावतीत शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शतकापूर्वी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले ते मात्र सर्वसाधारण मराठी वाचकासाठी. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. गणितावरील मराठी नोंद लिहिताना पुष्कळदा इंग्रजी नोंदीचा क्रम जसाच्या तसा उचलला जातो, त्यामुळे पूल आणि नकाशे ‘इतिहास’ या उपशीर्षकाखाली, नोंदीच्या तळाशी जाऊन पडतात.