राष्ट्रवादी विचार, कोकणातील

ब्रिटिश राजवटीत घडत गेलेल्या भारतीय राष्ट्रवादी विचारात कोकणातून मुंबईस गेलेल्या लेखक-संपादकांच्या पहिल्या पिढीचे स्थान बरेच आधीचे आहे. पोंभुर्ले (ता. देवगड) येथील बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून राज्यकारभाराची जाहीर चर्चा मराठीत होऊ लागली, तिला राष्ट्रवादी म्हणावे काय, याविषयी मात्र एकमत नाही.

वादाचा खरा मुद्दा आर्थिक निःसारणाच्या, म्हणजे ब्रिटिश सत्तेमुळे भारताची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते या, सिद्धान्ताचा उगम हा आहे. त्याचे श्रेय सामान्यतः दादाभाई नवरोजी यांच्या १८६७ मधील लंडन येथील निबंधाला दिले जाते. परंतु १८४१ मध्ये ‘बाँबे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ या अर्थाच्या टोपणनावाने आठ पत्रे प्रसिद्ध झाली होती. ती भास्कर पांडुरंग तर्खडकर यांची होत, असे मानले जाते. या घराण्याचे मूळ गाव वसईजवळचे तर्खड. पेंढाऱ्यांपासून इंग्रजांनी आमचे रक्षण केले हे मान्य केले, तरी पेंढाऱ्यांना पाच-सहाशे वर्षांत जमले नसते एवढे धन व्यापाराच्या नावाखाली थोड्याच वर्षांत देशाबाहेर गेले, असा त्यांतील एका युक्तिवादाचा आशय आहे. इतिहासकार ज. वि. नाईक यांनी या पत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पत्रांत दादाभाईंसारखी आकडेवारीची मांडणी नाही, म्हणून त्यांना सिद्धान्त म्हणता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे; तथापि परकीय सत्ता आणि देशाचे दारिद्र्य यांचा कार्यकारणसंबंध त्यांत स्पष्ट दिसतो आणि विचाराचा आरंभ १८४१ च्या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुढील काळातील वासुदेव बळवंत फडके (शिरढोण), बाळ गंगाधर टिळक (जन्म रत्नागिरी) आणि गोपाळ कृष्ण गोखले (कोतळूक) यांचे कार्य मुख्यतः घाटावर घडले.

कोकणच्या भूमीवर या विचाराची कसोटी खोती पद्धतीने, म्हणजे गावाचा सारा सरकारसाठी वसूल करणाऱ्या वतनदाराच्या (खोताच्या) हाती कुळांची जमीन ठेवणाऱ्या पद्धतीने, लागली. भातपिकाचा अर्धा वाटा ‘अर्धेल’ म्हणून खोताच्या कोठारात जात असे. लंडनला जाणाऱ्या पैशाचा हिशेब मागणाऱ्या विचारवंतांनी या धान्याचा हिशेब फारसा मागितला नाही. टिळकांनी तर खोतांची बाजू घेतली. ही उणीव गंभीर होती. कुळांचे गाऱ्हाणे राजकीय प्रश्न म्हणून पुढे आले ते अलिबागजवळील चरी येथील शेतकऱ्यांच्या संपामुळे (१९३३–३९). नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील या संपात कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, भीमराव रामजी आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने रद्द झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या अधिनियमाने.