‘पुट’च्या मागे लागलेले उपसर्ग

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीने मला तिची वही दाखवली. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. अशी सात पानं. “काका, याला काही नियमच नाही का? नुसतं घोकायचं?”

शाळेत तिचं संस्कृत होतं, म्हणून मी तिला एक जुना श्लोक विचारला. तिला तो पाठच होता: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ उपसर्ग धातूचा अर्थ बळाने भलतीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’. पण प्रहार म्हणजे मारणं, आहार म्हणजे खाणं, विहार म्हणजे हिंडणं. ‘पुट’चंही असंच होतं. फक्त इंग्रजीत ‘ऑफ’, ‘आउट’ हे शब्द क्रियापदाच्या नंतर येतात.

हा फरकही वाटतो तेवढा मोठा नाही. उपसर्ग धातूच्या आधी येतात, असं सांगून पाणिनी लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदांपुरती सूट देतो: तिथे ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घेऊन लांबही राहतात. ‘पुट द मीटिंग ऑफ’मध्ये मीटिंग जशी मधेच शिरते, अगदी तसंच! संस्कृत आणि इंग्रजी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. इंग्रजी ‘अप’ आणि आपला ‘उप’, ‘आउट’ आणि ‘उद्’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. मला यापेक्षा सुंदर नातं क्वचितच दिसलं आहे.

‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ यांच्याच अर्थाचे ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’ हे शब्द मात्र लॅटिन घराण्यातले. त्यामुळे ते भारदस्त वाटतात आणि शोधनिबंधात शोभतात. रोजच्या ईमेलमध्ये, कथा-कादंबऱ्यांत ‘पुट ऑफ’सारखी जोडक्रियापदं जास्त दिसतात. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो, म्हणून हात ‘पोस्टपोन’कडे वळतो. हिब्रू बोलणारे विद्यार्थीही जोडक्रियापदं अशीच टाळतात, असं 1985 सालच्या एका अभ्यासात आढळलं होतं.

सात पानांची गरजही नाही. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या दहा कोटी शब्दांच्या संग्रहावर 2007 साली झालेल्या अभ्यासानुसार, जोडक्रियापदांच्या एकूण प्रयोगांपैकी निम्म्याहून अधिक केवळ 100 जोड्यांतूनच येतात. मात्र एकेका जोडीला सरासरी पाचाहून अधिक अर्थ असतात. खरी मेहनत तिथे आहे.

त्या मेहनतीत मराठीच मदतीला येते. ‘पोळी खाऊन टाक’ म्हटल्यावर कुणी पोळी फेकत नाही. ‘टाकणे’ने आपला मूळ अर्थ सोडून ‘पुरतं संपवणं’ हा अर्थ घेतला आहे. ‘ईट अप’, ‘यूज अप’मधला ‘अप’ही असाच, त्यात ‘वर’ काही जात नाही. ‘कॅरी ऑन’मधला ‘ऑन’ म्हणजे ‘करत राहा’मधला ‘राहा’. ‘कोप’ला (म्हणजे निभावून नेणे) मात्र ‘अप’ लागत नाही. ‘कीप अप विथ’च्या चालीवर आपण ‘कोप अप विथ’ लिहितो, ते चूक आहे.

मुलीने नवं पान काढलं आणि वर ‘पुट’ऐवजी ‘ऑफ’ लिहिलं. खाली ‘कट ऑफ’, ‘स्विच ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’. शेजारी मराठीत: तुटणं, वेगळं होणं. मग जरा थांबून तिने ‘पुट ऑफ’ही तिथेच लिहिलं. आजपासून तोडून लांब ठेवलेली बैठक.