वजने उचलणाऱ्यांनी किती चालावे, किती धावावे?

सातारा शहरात व्यायाम करणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट दिसतात. एक गट जिममध्ये स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट आणि बेंच प्रेस असे वजनांचे व्यायाम करणाऱ्यांचा, तर दुसरा भल्या पहाटे यवतेश्वरच्या घाटात किंवा अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यावर चालणाऱ्या-धावणाऱ्यांचा. यवतेश्वर घाटातून कासच्या दिशेने जाणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमुळे या दुसऱ्या गटाला शहरात चांगलाच मान मिळाला आहे. पहिल्या गटातल्या एखाद्याने पोटावरची चरबी कमी करायचे मनावर घेतले, की त्याला दोन परस्परविरोधी सल्ले ऐकू येतात. ‘कार्डिओ (म्हणजे चालणे, धावणे, सायकल असा दम लागणारा व्यायाम) केल्याशिवाय चरबी हलणार नाही’ असे एक जण सांगतो आणि ‘धावलास तर कमावलेले अंग जाईल’ असे दुसरा बजावतो. दोन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे, आणि ते नेमके किती आहे हे सांगता येईल इतका अभ्यास गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत झालेला आहे.

आधी चरबी शरीरातून जाते कशी, ते पाहू. चरबीपेशींत ती ट्रायग्लिसराइड या रूपात साठलेली असते. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढलेले असते तेव्हा हा साठा बंद राहतो; उपाशीपोटी इन्सुलिन उतरते, व्यायामात अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि मग ट्रायग्लिसराइडचे विघटन होऊन फॅटी आम्ले रक्तात येतात. स्नायूंच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांमध्ये त्यांचे ज्वलन होऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. रुबेन मीरमन आणि अ‍ॅण्ड्र्यू ब्राउन या संशोधकांनी २०१४ मध्ये या हिशेबाची फोड करून दाखवली: १० किलो चरबी पूर्ण जळते तेव्हा तिच्यातील ८.४ किलो वस्तुमान श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून आणि उरलेले १.६ किलो पाणी म्हणून बाहेर पडते. घाम गाळल्याने चरबी वितळते, या समजुतीला त्यात कोठेच जागा नाही. कमरेला प्लॅस्टिकचा पट्टा बांधून धावणाऱ्याचे जे वजन तासाभरात उतरते ते पाण्याचे असते आणि दोन पेले पाणी प्यायले की ते परत येते. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी आधी जाते असेही होत नाही, कारण फॅटी आम्ले रक्तातून सगळ्या शरीरभर फिरतात आणि कोणता साठा आधी रिकामा व्हावा हे बरेचसे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात.

एक किलो चरबी कमी होण्यासाठी साधारण ७,७०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते. ही तूट केवळ कमी खाऊन पाडली तर वजन उतरते खरे, परंतु त्यात स्नायूंचाही वाटा असतो, कारण ऊर्जा अपुरी असताना शरीर स्नायूंतील प्रथिनेही मोडते. वजनांच्या व्यायामाचे खरे महत्त्व येथे आहे. जड वजन पेलताना स्नायूतंतूंवर जो ताण येतो, त्यातून हे स्नायू वापरात असल्याचा संदेश शरीराला मिळतो आणि तूट असूनही ते बव्हंशी टिकून राहतात. आपल्याकडे हा मुद्दा अधिकच जिव्हाळ्याचा आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २२.३ इतका, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असूनही स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही भारतीय शरीराची ठेवण मधुमेहाकडे लवकर झुकते. म्हणूनच चरबी घटवण्याच्या भरात वजनांचा व्यायाम सोडून केवळ धावत सुटणे मला घाट्याचे वाटते.

मात्र जिममध्ये याच्या उलट टोकाचा दावाही ऐकू येतो, की स्नायू वाढवले की ते बसल्याजागी भरपूर कॅलरी जाळतात आणि कार्डिओची गरजच उरत नाही. प्रत्यक्षात विश्रांतीच्या स्थितीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो. वर्षभर मेहनत करून दोन किलो स्नायू वाढवले तरी हा जादा खर्च दिवसाला २६ किलोकॅलरींचा, म्हणजे जेमतेम चार-पाच शेंगदाण्यांचा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११९ स्थूल किंवा वजन जास्त असलेल्या प्रौढांनी आठ महिने व्यायाम केला. काहींनी केवळ कार्डिओ, काहींनी केवळ वजनांचा व्यायाम आणि काहींनी दोन्ही. केवळ वजने उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले, पण चरबी फारशी हलली नाही. केवळ कार्डिओ करणाऱ्यांची चरबी घटली, पण स्नायू वाढले नाहीत. दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही लाभ मिळाले, अर्थात व्यायामाला जवळपास दुप्पट वेळ देऊन. या अभ्यासात कोणालाही आहार कमी करायला सांगितलेले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता ‘कमावलेले अंग जाईल’ या भीतीकडे वळू. तिचा शास्त्रीय उगम रॉबर्ट हिक्सन या संशोधकाच्या अनुभवात आहे. पॉवरलिफ्टिंगची आवड असलेले हिक्सन सहनशक्तीच्या व्यायामाचे नामांकित अभ्यासक जॉन हॉलोझी यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि त्यांच्याबरोबर रोज धावू लागले. काही काळाने आपले स्नायू आणि ताकद कमी होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९८० साली त्यांनी यावर दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस आणि सहनशक्तीचा सहा दिवस, असे दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद पहिले सात आठवडे केवळ वजने उचलणाऱ्यांप्रमाणेच वाढत गेली. नंतर ती थांबली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात चक्क उतरली. पुढच्या काळात पेशींच्या पातळीवर त्याचे एक स्पष्टीकरण पुढे आले. स्नायूंची बांधणी एमटॉर नावाच्या प्रथिनाच्या संकेतांवर चालते, तर दमश्वासाच्या दीर्घ व्यायामात पेशीतील ऊर्जा खालावली की एएमपीके हे विकर जागे होते आणि ते बांधणीच्या कामाला आवर घालते. तिजोरीत खडखडाट असताना नवे बांधकाम काढू नये, असा हा पेशीचा कारभार आहे.

परंतु हिक्सन यांच्या प्रयोगातील व्यायामाचे प्रमाण पाहा: आठवड्याला अकरा सत्रे, आणि तीही कमालीच्या तीव्रतेची. सर्वसाधारण माणूस इतका व्यायाम करतच नाही. २०२२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद कमी झाल्याचे आढळले नाही; केवळ झपाट्याने जोर लावण्याची क्षमता थोडी कमी वाढली, आणि तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केले तेव्हा. आपल्या तालमींनी ही गोष्ट कधीच्या काळापासून गृहीत धरलेली आहे. जोर, बैठका आणि दोर चढणे ताकदीसाठी, तर लढत आणि धावणे दमासाठी, अशी दुहेरी मेहनत कुस्तीगीर करत आले आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, ते ज्या खेळात, त्यात ठरावीक वजनात राहून ताकद आणि दम दोन्ही टिकवावे लागतात.

तेव्हा खरा प्रश्न कार्डिओ करावा की नाही हा नसून कोणता आणि किती करावा हा आहे. साताऱ्यासारख्या डोंगराळ गावात त्याचे उत्तर चढ आणि उतार यांच्या फरकात दडलेले आहे. सपाटीवर भराभर चालणाऱ्या ७० किलो वजनाच्या माणसाचा अर्ध्या तासात, बसून राहिल्यास झाला असता तो खर्च वजा केल्यावर, सुमारे १०० किलोकॅलरी खर्च होतो. तोच माणूस २५० मीटर उंची चढून गेला, तर केवळ शरीर वर उचलण्याचे यांत्रिक काम सुमारे ४१ किलोकॅलरींचे होते. आणि स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे त्यासाठी शरीराला जवळपास १६० किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. शहराच्या खालच्या भागातून अजिंक्यताऱ्यावर जाताना साधारण एवढीच चढाई होते. शिवाय चढताना मांडीचे स्नायू मुख्यतः आखडत काम करतात, पावलांना दणका कमी बसतो आणि न धावताही हृदयाचे ठोके पुरेसे वाढतात.

उतरताना मात्र सगळे बदलते. प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो आणि मांडीच्या पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. अशा ताणाखालच्या आकुंचनात ऊर्जा कमी लागते, पण स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा जास्त होतात. म्हणूनच उतरताना दम लागत नाही आणि नंतर मात्र पाय भरून येतात; ही दुखरी अवस्था साधारणपणे २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते. शनिवारी यवतेश्वराचा घाट धावत उतरून रविवारी स्क्वॉट करायला गेलेल्या माणसाचे नेहमीचे वजन उठले नाही, तर त्याचा दोष कार्डिओला देणे चुकीचे आहे. तो दोष उताराचा आहे. धावण्याचा पायांच्या ताकदीवर सायकलपेक्षा अधिक विपरीत परिणाम होतो असे जे काही आढाव्यांत दिसले आहे, त्यामागेही प्रत्येक पावलाचा असाच दणका असावा, असे एक कारण दिले जाते. सुदैवाने स्नायू लवकर शिकतात. थोडा उतार एकदा सोसला, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने होणारी इजा बरीच कमी होते. त्यामुळे सुरुवात करणाऱ्याने चढ जोमाने चढावा, उतार सावकाश, लहान पावलांनी उतरावा आणि पायांच्या व्यायामाच्या आदल्या दिवशी लांब उतार टाळावा. पावसाळ्यात निसरडे झाले की सायकल किंवा चढ दिलेली ट्रेडमिल हे चांगले पर्याय आहेत.

तीव्रतेबाबत जिममधल्या यंत्रांवर ‘फॅट बर्निंग झोन’ म्हणून एक पट्टा दाखवलेला असतो. संथ व्यायामात इंधनातील चरबीचा टक्का जास्त असतो हे खरे आहे, पण टक्का म्हणजे एकूण प्रमाण नव्हे. आणि व्यायामाच्या वेळी चरबी जास्त जळली तर दिवसाच्या उरलेल्या तासांत ती कमी जळते. उपाशीपोटी कार्डिओ करण्याचे जे माहात्म्य सांगितले जाते, त्याचीही हीच गत आहे: २०१४ मधील एका छोट्या प्रयोगात उपाशीपोटी आणि खाऊन व्यायाम करणाऱ्या स्त्रियांच्या चरबीत घट सारखीच झाली. अति तीव्र आणि विश्रांती अशा आलटून-पालटून केलेल्या व्यायामानेही चरबी संथ व्यायामाइतकीच कमी होते. त्याचा फायदा मुख्यतः वेळ वाचण्याचा आहे आणि तोटा असा, की तो वजनांच्या व्यायामाइतकीच विश्रांती मागतो. म्हणून वजने हा ज्याचा मुख्य व्यायाम आहे, त्याने बहुतेक कार्डिओ पूर्ण वाक्यात बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्याच वेगाने करावा, असे माझे मत आहे.

आठवड्यात तीन दिवस वजने उचलणाऱ्याने उरलेल्यांपैकी दोन-तीन दिवस २० ते ३० मिनिटांपासून आरंभ करावा आणि हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेले मध्यम व्यायामाचे किमान प्रमाणही आठवड्याला १५० मिनिटे एवढेच आहे, आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम त्यात सांगितलेला आहे. दोन्ही एकाच दिवशी करायचे असल्यास सकाळ-संध्याकाळ विभागून करावेत; तेही शक्य नसेल तर ताज्या अंगाने आधी वजने उचलावीत आणि मग चालावे.

आहाराशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. आठवड्यातून चार वेळा सपाटीवर अर्धा तास चालल्याने जी तूट पडते ती सुमारे ४०० किलोकॅलरींची, म्हणजे ५०-५५ ग्रॅम चरबीची. परतताना राजवाड्याजवळ दोन-तीन कंदी पेढे घेतले तर त्या दिवसाची तूट जागीच भरून निघते. मोठा वाटा ताटातून यावा लागतो आणि त्यातही प्रथिनांना कात्री लागू देता कामा नये. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांच्या अभ्यासांत शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरलेली आहेत. ७० किलोच्या माणसाला ती ११२ ग्रॅम होतात. केवळ भाकरी आणि पिठल्यावर हा आकडा गाठणे अवघड आहे. ५० ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे २६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम आणि पाव लिटर दुधात ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाण्यात ती १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम असली तरी त्याबरोबर साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी येतात, त्यामुळे कूट आणि चटणी मोजूनच घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा इन्सुलिनचे उपचार चालू असतील, तर चढाई सुरू करण्यापूर्वीही विचारावे.

प्रगती पाहण्यासाठी रोजचा वजनकाटा फसवा असतो, कारण नव्या व्यायामाने स्नायूंत पाणी धरले जाते आणि पहिले दोन-तीन आठवडे काटा तसाच राहू शकतो. त्याऐवजी दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी, कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. घेर कमी होत आहे आणि स्क्वॉटचे वजन टिकून आहे, तोवर काहीही बदलू नये. घेर तीन-चार आठवडे जागचा हलला नाही तर आधी जेवण तपासावे, मग आठवड्यात एक चढाई वाढवावी. आणि घेर उतरत असतानाच सलग दोन-तीन आठवडे उचलण्याचे वजनही उतरू लागले, तर झोप आणि प्रथिने पुरेशी आहेत ना ते पाहून कार्डिओ एक तृतीयांशाने कमी करावा. वजनांचे सेट (सलग उचलण्याच्या फेऱ्या) मात्र कमी करू नयेत.