सीआरपी आणि ईक्विप: जमीन पडीक ठेवायची की कसायची?

अमेरिकेत गावाकडे जमीन घेतली की सरकारी मदतीसाठी काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यूएसडीए, म्हणजे केंद्रीय कृषी खात्याच्या, सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं. हे आपल्या तालुका कृषी कार्यालयासारखंच, फक्त आत सहसा दोन खाती बसतात: एफएसए (फार्म सर्व्हिस एजन्सी) आणि एनआरसीएस (नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धनाचं खातं). सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम) ही जमीन पडीक ठेवण्याची योजना एफएसएकडे, ईक्विप (एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी इन्सेंटिव्हज प्रोग्राम) ही जमीन कसताना सुधारणांना मदत देणारी योजना एनआरसीएसकडे. दोन्ही योजना 'कॉन्झर्वेशन'च्या, म्हणजे माती-पाणी जपण्याच्या, म्हणून लोक घोळ घालतात.

सीआरपी १९८५ पासूनची. धूप होणारी किंवा ओढ्याकाठची पिकाऊ जमीन पिकातून काढायची, तिथे गवत किंवा झाडं लावायची. बदल्यात १० ते १५ वर्षं एकरी ठरलेला वार्षिक खंड मिळतो आणि लागवडीच्या खर्चाचा जास्तीत जास्त निम्मा भाग. पण जमीन साधारणपणे वर्षभर आधीपासून ताब्यात हवी, त्यामुळे खरेदीखत ताजं असेल तर बहुधा थांबावं लागतं. करार मध्येच मोडलात तर घेतलेला सगळा खंड व्याजासह परत, वर दंड. मक्याचा भाव चढला म्हणून बाहेर पडू, हा हिशेब इथे चालत नाही. (गवताळ रानासाठी वेगळा प्रकार आहे, त्यात चराई करता येते.)

ईक्विपमध्ये जमीन कसतच राहायची. कुंपण, जनावरांच्या पाण्याची सोय, आच्छादन पिकं, पॉलीटनेल (प्लास्टिकचं आच्छादन घातलेलं शेड), ठिबक अशा कामांच्या अंदाजित खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग मिळतो. शेतीत उतरून १० वर्षं झाली नसतील तर ९० टक्क्यांपर्यंत, आणि त्यातला निम्मा आगाऊही मागता येतो. दर आधीच ठरलेले असतात. ठेकेदाराचं बिल फुगलं तर वरचा फरक तुमच्या खिशातून.

एक चूक टाळा: करारावर सही होण्याआधीच काम सुरू करणं. अर्ज दिला म्हणजे मंजुरी नव्हे. आधीच खांब रोवले असतील, तर त्या कुंपणाचे पैसे विसरा.

पैसे ईक्विपचे हवे असले तरी पहिली खेप एफएसएकडेच. खरेदीखत किंवा खंडपत्र नेऊन फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर (तुमच्या शेताचे सरकारी नोंदणी क्रमांक) काढायचे. मग एडी-१०२६ हा पाणथळ आणि धूपप्रवण जमिनीबाबतचा फॉर्म आणि उत्पन्न मर्यादेचा दाखला भरायचा. हे अपुरं राहिलं तर एनआरसीएसकडची फाईल पुढे सरकत नाही. ईक्विपचा अर्ज वर्षभर देता येतो, पण प्रत्येक राज्य गुणांकनासाठी, म्हणजे अर्जांना गुण देऊन क्रम लावण्यासाठी, अंतिम तारीख लावतं. ती चुकली की अर्ज पुढच्या फेरीत जातो. सर्वसाधारण सीआरपीची नोंदणी मात्र सरकार जाहीर करेल तेव्हाच उघडते.

जमीन खंडाने घेतली असेल तर खंडपत्राची मुदत कराराएवढी तरी हवी. विहीर, कुंपण अशा पक्क्या कामाला मालकाची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा.